वर नको, तिरकं नको

हवालदारबाबांना वर आलेला खिळा सहन व्हायचा नाही. एवढं म्हटलं तरी आमच्या गावातली जुनी माणसं आधी हसतात आणि मग गप्प होतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या स्वतःच्या वरातीत. माझं माहेर जत तालुक्यातलं. पावसाची वाट बघणारा मुलूख, ज्वारी आणि मेंढरं. तिथून लग्न होऊन मी पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या ह्या गावात आले. स्टँडवर गावची बैलगाडी घ्यायला आली होती. वेशीजवळ एक उंच, वाळलेला म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं हात वर करून गाडी थांबवली. अंगात खाकी कोट, डोकं उघडं. त्या काळी आमच्या भागात उघड्या डोक्यानं फिरणारा म्हातारा दिसला की माणसं वळून बघायची. मला वाटलं, काही भांडण आहे. म्हाताऱ्यानं न बोलता गाडीच्या कठड्यावरून बोट फिरवत आणलं. माझ्या खांद्याजवळ ते थांबलं. त्यांनी कोटाच्या खिशातून लहानशी हातोडी काढली, तिथला खिळा ठोकून आत घातला आणि परत बोट फिरवून पाहिलं.

"नवरीचं पातळ फाटलं असतं," ते म्हणाले. "जाव आगे."

वाजंत्रीवाले हसले. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या पुटपुटल्या, "आलं याड. नव्या नवरीचं त्वांड बघायच्या आदी खिळा बघतंय."

देवळाचं दार, शाळेतली बाकं, चावडीची खुर्ची, नदीवरच्या नावेच्या फळ्या, सगळीकडे त्यांचं बोट फिरलेलं असायचं. कुणाच्या मयताला गेले तरी आधी दाराची चौकट चाचपायचे. पोरांना ते बरं सापडलं होतं. हवालदारबाबा रस्त्यानं निघाले की मागून कुणीतरी ओरडायचं, "बाबा, वर आलंय!" बाबा ताबडतोब वळायचे, हात खिशाकडे जायचा, "कुठं?" म्हणायचे. पोरं पळून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरं खोटं बोलतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना एकदा विचारलं, "बाबा, रोज फसता, मग वळता कशाला?" ते म्हणाले, "एखाद्या दिवशी खरंच आलेलं असलं म्हणजे?"

त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं, मध्ये नुसती कुडाची भिंत. बायको ते पलटणीत असतानाच वारली होती. मूलबाळ नव्हतं. पलटणीत बंदुका दुरुस्त करायचं काम त्यांनी केलं होतं आणि गावात परत आल्यावरही तेच करत होते. त्यांच्याकडे त्याचं लायसन होतं, ते काचेच्या चौकटीत घालून देवाच्या शेजारी टांगलेलं असायचं. आमच्या खोऱ्यात रानडुकरांचा त्रास फार. भात, नाचणी, भुईमूग तयार व्हायला आला की डुकरांचा कळप एका फेरीत शेत नांगरून टाकायचा. म्हणून काही शेतकऱ्यांना पीक राखायला बाराबोरच्या बंदुकीचा परवाना होता. नवी काडतुसं महाग, त्यामुळे पितळी काडतुसं उडवून झाली की त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि हवालदारबाबांकडून पुन्हा भरून घ्यायच्या, अशी रीत होती.

त्या कामात मी कशी गेले ते सांगते. आत्याबाईंच्या शेळीच्या खुरात काटा मोडला होता. माहेरी मेंढरांत वाढल्यामुळे मला त्याची सवय. मी डोळे दुसरीकडे ठेवून नुसत्या बोटांनी खूर चाचपला आणि काटा काढला. हवालदारबाबा पडवीतून बघत होते. ते आत्याबाईंना म्हणाले, "तुमच्या सुनेच्या बोटाला दिसतंय. दुपारची माझ्याकडे कामाला पाठवा."

"ती बोलत न्हाई कुणाशी," आत्याबाई म्हणाल्या. "लाजरी हाय लय."

"मला बोलणारं माणूस नकोच आहे."

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई आणि मी दोघी त्यांच्या पडवीत बसायला लागलो. आत्याबाई सुपात पुंगळ्या वाळवायच्या आणि गावातल्या गोष्टी सांगायच्या. मी पुंगळ्यांची बुडं साफ करायची.

काम असं होतं. पुंगळीच्या बुडाला मधोमध एक वाटीसारखा लहान खड्डा असतो. त्यात तांब्याची टोपी बसलेली असते. बंदुकीचा घोडा त्या टोपीवर पडला की ती पेटते आणि आतली दारू पेटवते. बार झाला की टोपी मरते. ती मेलेली टोपी आतून सळईनं ठोकून बाहेर काढायची, त्या खड्ड्यातली काजळी खरवडायची आणि मग नवी टोपी बसवायची. त्या खड्ड्याला बाबा टोपीचं घर म्हणायचे. "घर स्वच्छ नसलं तर पाहुणा नीट बसत नाही," असं त्यांचं म्हणणं.

हत्यारं त्यांनी स्वतः केलेली होती आणि सगळ्यांना नावं होती. टोपी बाहेर काढायची सळई म्हणजे सासरा. काजळी काढायची बांबूची चपटी काडी म्हणजे सून. आणि मोडक्या कानशीचं घासून केलेलं एक टोकदार, चौधारी पात्याचं हत्यार होतं, ते बोटात धरून फिरवलं की पितळ कातरलं जायचं. ती सासू.

आत्याबाईंनी ते नाव ऐकलं तेव्हा सूप खाली ठेवलं. "का वं हवालदार, तिलाच का सासू?"

"कुठं जरा कड दिसली की खरवडल्याशिवाय राहत नाही म्हणून."

"आन सासरा?"

"सासरा नुसता ठोकतो. त्याला नवीन टोपीच्या जवळ येऊ द्यायचं नाही."

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण खाली मान घालून. नंतर कित्येक दिवस घरात काही बिनसलं की आत्याबाई म्हणायच्या, "व्हय बाई, मी कानशीचीच हाय."

नवी टोपी ठोकायची नाही, बसवायची, हा पहिला नियम. त्यासाठी एक दांडा होता, तो हळूहळू दाबायचा. बसलेली टोपी पुंगळीच्या बुडाशी सपाट हवी, केसभर आतच हवी. बाबा प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून उजव्या करंगळीचं नख फिरवायचे. ते नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं, लांब आणि पिवळं. त्या हातानं ते जेवायचे तरी करंगळी अलगद वर धरायचे. नख फिरवताना तोंडानं हळू म्हणायचे, "वर नको, तिरकं नको, सैल नको." देवाचं नाव घ्यावं तसं. मग पुंगळी पुढं जायची.

वर आलेल्या टोपीनं काय होतं ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. बंदूक मधोमध मोडून, म्हणजे उघडून, काडतूस घालतात आणि बंदूक मिटतात. टोपी वर आलेली असली तर मिटतानाच तिच्यावर दाब येतो. बंदूक पुरती मिटलेली नसताना बार झाला तर तो पुढं जात नाही, धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. एवढं सांगून ते उठले आणि हात धुवायला गेले. त्यांनी असं काही डोळ्यांनी पाहिलं होतं का, कुणाचं पाहिलं होतं, ह्याच्या गावात पुष्कळ गोष्टी होत्या. बाबांनी स्वतः कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

नव्या टोप्या ते पत्र्याच्या डब्यात ठेवत नसत. लाकडी करंड्यात ठेवायचे. तो त्यांच्या बायकोचा कुंकवाचा करंडा होता. आत अजून थोडी लाली होती, त्यामुळे एखादी टोपी बुडाशी लालसर निघायची.

पुंगळ्या धुवायला चिंचेचं पाणी. पण त्यात फार वेळ ठेवल्या की पितळ गुलाबी पडतं आणि ठिसूळ होतं. गुलाबी पुंगळी दिसली की ते ती दगडावर ठेचून टाकायचे, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून. मालकीण असो की पाटील, कुणाची आहे ते बघायचे नाहीत. त्यावरून भांडणं व्हायची. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढची पुंगळी उचलायचे.

चीनच्या लढाईनंतरची एक सुगी. त्या वर्षी बाजारात काडतुसं मिळेनात. सातारा, कराड, सगळीकडे माणसं रिकाम्या हातांनी परत आली. डुकरं मात्र आली. गावात खालच्या आळीला तात्या म्हणून मोठे शेतकरी होते. बंदूक त्यांची, पण राखणीला शेतावर जायचे ते आमचे मालक. परवान्यावर राखणदार म्हणून त्यांचंच नाव होतं. म्हणजे बंदूक मिटायची ती माझ्या नवऱ्यानं, हे मी कधी विसरले नाही.

एका सकाळी तात्या एक गोणी घेऊन आले आणि पडवीत ओतली. पितळेचा ढीग पडला.

"पुण्याचा भंगारवाला ओळखीचा हाय. पलटणीच्या हायत ह्या, पहाऱ्याच्या बंदुकांच्या, त्या बी बाराबोरच्याच. आता तर झालं न्हवं? भरा बिगीबिगी."

बाबांनी एक पुंगळी उचलली, बूड वर केलं आणि उजेडाकडे धरून बघितलं.

"तात्या, ह्यांच्या टोपीला कडं आहे."

"म्हंजी?"

"टोपी बसवल्यावर भोवतीचं पितळ दाबून टाकलेलं आहे. टोपी सुटू नये म्हणून. पलटणीत कुणालाच सुटू देत नाहीत, टोपीला पण नाही." ते किंचित हसले. "जुनी टोपी काढली तरी ते कडं दाराशी उभं राहतं. नवीला आत येऊ देत नाही. प्रत्येकीचं कडं कातरून काढलं पाहिजे."

"मग काढा की. डुकरं काय तुमची वाट बघत थांबत्यात व्हय?"

"जल्दीका काम नही है."

"आवं हवालदार, भुईमूग संपला की काडतुसं काय दिवाळीला उडवू?"

बाबांनी सासू उचलून माझ्या हातात दिली.

आधीच्या पुंगळ्यांना असं कडं नसायचं. टोपी आपोआप नीट बसायची, वर राहिलेली क्वचित सापडायची. ह्या पुंगळ्यांचं तसं नव्हतं. कडं थोडं जरी राहिलं तरी टोपी अर्ध्यात अडायची. फार कातरलं तर घर मोठं होऊन टोपी सैल बसायची. हात नेमका कुठं थांबवायचा ते पितळच सांगायचं. कातरताना आधी करकर असा खरबरीतपणा लागायचा, मग एकदम गुळगुळीत. तिथं थांबायचं. मी कातरायची, बाबा टोपी बसवायचे आणि नख फिरवायचे.

माझ्या पोटात तेव्हा पहिलं मूल होतं. माहेरी जायचा दिवस जवळ येत होता. भाऊ न्यायला येणार होता.

एक दिवस बाबांनी बघून पुढं सरकवलेली पुंगळी मी सुपात ठेवायला उचलली आणि माझा अंगठा बुडावरून सहज फिरला. टोपी वर होती. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण बोटाला अडत होती. मला वाटलं, बाबांचं लक्ष गेलं असेल दुसरीकडे. मी ती हळूच त्यांच्या ढिगात परत सरकवली. थोड्या वेळानं त्यांनी ती उचलली, नख फिरवलं, "वर नको, तिरकं नको, सैल नको" म्हटलं आणि पुन्हा पुढं सरकवली.



मग मला मागच्या कितीतरी गोष्टी आठवायला लागल्या. चुलीवरच्या पातेल्यावरचं झाकण बाबा नुसत्या हातानं उचलायचे. मला वाटायचं, पलटणीतलं कणखर माणूस. कोटाची गुंडी चुकीच्या काजात गेलेली असायची. गाडीच्या कठड्यावरून, दारावरून फिरणारं त्यांचं बोट अलीकडे थांबत नव्हतं, आणि हातोडी बरेच दिवस खिशातून बाहेर आली नव्हती. त्यांच्या बोटांचं दिसणं बंद झालं होतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्यामागं प्रत्येक पुंगळी पुन्हा चाचपायला लागले. वर आलेली सापडली की पदराखाली घ्यायची, आणि बाबा पाणी प्यायला उठले की तिची टोपी आतून दांड्यानं हळू दाबून काढायची, घर परत कातरायचं आणि टोपी पुन्हा बसवायची. बाबांना कळलं नाही, निदान मला तसं वाटलं. पण मी माहेरी गेल्यावर कोण चाचपणार होतं? पुंगळ्यांचा ढीग अजून अर्धाच संपला होता.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "ह्ये त्यास्नी कोण सांगणार? तू? ज्या माणसानं अख्खा जलम त्या नखावर काढला, त्येला तू सांगणार, तुमचं नख मेलंय म्हणून?"

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "हवालदारबाबा चुकायचं न्हाईत. तुझ्या डोक्यात बाळंतपणाचं भ्या बसलंय."

"तुमी बंदूक मिटता," मी म्हणाले.

"कवाधरनं मिटतोय. काय झालंय का?"

मला बोलता येत नाही असं नव्हतं. पण थोरल्या माणसासमोर, त्यातून पुरुषमाणसासमोर, मी तोंड उघडायची नाही. रोज दुपारी मी ठरवून जायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची. बाबांचं बोट धरून टोपीवर ठेवावं असंही मनात आलं. पण सुनेनं परक्या पुरुषाचा हात धरायचा, ही गोष्ट मनात आली तेवढीच.

भाऊ आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. संध्याकाळी तात्या काडतुसं न्यायला येणार होते, म्हणून दुपारीच बाबांनी टोप्या बसवलेल्या सगळ्या पुंगळ्या ओळीनं मांडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दारू आणि छर्रे भरून द्यायचे होते. मी ओळीच्या शेवटाला बसून चाचपत होते. एक सापडली. ती बरीच वर होती. पदराखाली घेण्याइतका वेळ नव्हता, आणि वेळेआधीच तात्यांची चाहूल अंगणात लागली होती.

माझ्या तोंडून शब्द निघाले ते पोरांचेच.

"बाबा, वर आलंय."

त्यांचा हात लगेच खिशाकडे गेला. "कुठं?" त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग फळीकडे. मी पुंगळी पुढं केली.

त्यांनी ती घेतली. नख फिरवलं. अंगठा फिरवला. दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुंगळीचं बूड उचलून खालच्या ओठाला लावलं आणि डोळे मिटून हळूच सरकवलं. ओठ अडला. ते मला दिसलं. त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले.

तात्या पायरीवर उभे होते. "झालं का हवालदार?"

बाबांनी डोळे उघडले. मला विचारलं, "ही पहिली आहे?"

मी मान हलवली.

"तोंडानं बोल."

"न्हाई बाबा. आदी बी सापडल्या. मी नीट केल्या."

"बाजूला ठेवल्यास. बोलली नाहीस."

मी रडायला लागले. ते रागावले नव्हते. नुसते माझ्याकडे बघत होते. "उद्या तू जतला गेलीस की?" ते म्हणाले. "मग?" एवढंच.

तात्यांना धीर नव्हता. "आवं, काय चाललंय? द्या ती काडतुसं."

"तात्या, माझ्या हाताला कळत नाही आता," बाबा म्हणाले. त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं. कुडाच्या पलीकडे आत्याबाई होत्या, पायरीखाली तात्यांचा गडी होता, सगळ्यांनी ऐकलं. "थंडीनं असेल असं मी मला सांगत होतो. थंडी नाही. हात मेलाय."

"काय बी बोलू नका. ह्या पोरीचं ऐकता? मेंढक्याची पोर ती, तिला बंदुकीतलं काय कळतंय?"

"तिच्या बोटाला कळतं," बाबा म्हणाले. "माझ्या नाही. बसा. आज सगळं परत होईल."

मग त्यांनी मला सगळ्यांच्या समोर बसवलं. एकेक पुंगळी माझ्या हातात दिली. चाचपायचं आणि वर आलंय की नाही ते तोंडानं सांगायचं. मी पहिल्यांदा "न्हाई" म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "जोरात. तात्यांना ऐकू गेलं पाहिजे." मी जोरात म्हटलं. पुढची. "न्हाई." पुढची. "वर आलंय." ती डावीकडे. तात्या आधी चुळबुळत होते, मग बसले. डावीकडचा ढीग वाढायला लागला तसे ते डोक्यावरची गांधी टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. आमचे मालक कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नाही. वर आलेल्या एका पुंगळीवरून त्यांनी स्वतःचा अंगठा फिरवला आणि ती परत डावीकडच्या ढिगात ठेवली.

उजवीकडे जेवढ्या उरल्या तेवढ्याच भरून बाबांनी तात्यांना दिल्या. डावीकडच्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी पाया पडायला गेले. बाबा पडवीत बसले होते. त्यांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला आणि मला दिसलं, करंगळीचं नख कापलेलं होतं. बोट एखाद्या लहान मुलासारखं आखूड आणि उघडं दिसत होतं.

मी माहेरी असताना तात्यांनी दोन पुतण्यांना बाबांकडे बसवलं, राहिलेल्या पुंगळ्या चाचपायला. बाबांनी त्यांना उठवून लावलं. मालक सांगत होते, बाबा म्हणाले, "ह्यांचं 'न्हाई' लय लवकर येतंय, गड्या. बोट फिरायच्या आधी येतंय." मग त्यांनी सगळी पुंगळ्यांची गोणी दगडावर घेऊन ठेचली, भिंतीवरचं लायसन उतरवलं आणि पाटणला जाऊन परत करून आले. त्या सुगीला तात्यांचा खालचा भुईमूग गेला. आणखीही दोन-चार जणांचं नुकसान झालं. मी बाळ घेऊन परत आले तेव्हा नदीवर बायका मला ऐकू जाईल अशा बोलायच्या, "हिनंच हवालदाराचं दुकान बसवलं." मी धुणं धुवून घरी यायची. आमचे मालक संध्याकाळी शेतावरून दोन्ही डोळे घेऊन येत होते, मला तेवढं पुरे होतं. पण बाबांच्या पडवीकडे बघायचा धीर मला कितीतरी दिवस झाला नाही.

पोरांनी मात्र त्यांना सोडलं नाही. "बाबा, वर आलंय" म्हणून ओरडायची. बाबा अजूनही वळायचे. फक्त आता "कुठं?" विचारून ते थांबायचे आणि ओरडणाऱ्याला म्हणायचे, "ये, दाखव." पोरं गोंधळायची. एखादं पोर मग खरंच शोधायला लागायचं.

पुढं काही वर्षांनी पावसाळ्यात बाबा आजारी पडले. छातीत कफ झाला होता. आत्याबाई आणि मी आळीपाळीनं पेज नेऊन द्यायचो. एका सकाळी पाऊस उघडला होता. मी पेज भरवून वाटी खाली ठेवली तर त्यांनी खूण करून पलंगाची कडेची फळी दाखवली.

"बघ गं. काही लागतंय का?"

मी उशापासून पायथ्यापर्यंत बोट फिरवत नेलं. पायथ्याजवळ एक खिळा होता. केसभर वर. बाबा पाय पोटाशी घेऊन पडलेले असायचे, त्यांना तो कधी लागणार नव्हता. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"वर आलंय बाबा."

"ठोक."

खुंटीवर त्यांचा खाकी कोट होता. मी त्याच्या खिशातून हातोडी काढली. दांडा त्यांच्या हातानं झिजून बारीक झाला होता. मी खिळा ठोकला, परत बोट फिरवलं.

"आता?"

"न्हाई."

त्यांना ऐकू गेलं नसावं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आता न्हाई, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले.

बाबांनी स्वतः चाचपून पाहिलं नाही. हात गोधडीत ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.